हिला काहीतरी बनवायचंय

जुन्या बाजारात त्या रविवारी एक बाप आणि त्याची लेक एका पथारीसमोर उकिडवे बसले होते. मंगळवार पेठेतल्या त्या पथाऱ्यांवर काय काय मांडलेलं असतं, ते पुणेकरांना सांगायला नको. मुलगी असेल चौदा-पंधरा वर्षांची. गळ्यात इअरफोन लटकलेले, आणि हातात एका फाटक्या स्पीकरचा सांगाडा. त्याच्या पाठीचा लोहचुंबक ती अंगठ्याने चाचपून बघत होती. बापाने घरूनच एक स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. तो चुंबकाला टेकवायचा, खेचून सोडवायचा, पुन्हा टेकवायचा. ओढ किती आहे ते बघत होता. पथारीवाल्याने शंभर सांगितले, बाप साठावर अडून बसला. शेवटी पथारीवाला म्हणाला, "साहेब, हा आता वाजायचा नाही, आधीच सांगतो." बाप म्हणाला, "वाजवायचा नाहीये. हिला काहीतरी बनवायचंय." मुलीने मानही वर केली नाही. सत्तरला सौदा पटला, सांगाडा पिशवीत गेला आणि दोघं गर्दीत दिसेनासे झाले.

त्या मुलीला काय बनवायचं होतं, हे मला अजून माहीत नाही. पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. चुंबक, स्पीकर, तारेचं वेटोळं, आणि बाजारात चुंबकाची ओढ तपासायला घरून हत्यार घेऊन येणारा बाप. यातली कुठलीही गोष्ट नजरेला पडली की माझ्या मनात एकच वस्तू उभी राहते. त्या दिवशीही घरी आल्या आल्या मी तिचे फोटो काढून बघत बसले. क्वीन या इंग्रजी रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे, त्याची गिटार. क्वीनची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांनी तिचा आवाज हजार वेळा ऐकलेला असतो. ती घरात बनलेली आहे हेही बहुतेकांना कुठेतरी वाचून माहीत असतं. पण 'घरी बनवलेली गिटार' असं एका दमात म्हणून आपण पुढे जातो, आणि मला तिथेच थांबावंसं वाटतं.

१९६३ चा ऑगस्ट. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या जवळचं फेल्टम हे उपनगर. नुकता सोळा वर्षांचा झालेला मुलगा आणि त्याचे वडील हॅरॉल्ड. मुलाला हवी होती इलेक्ट्रिक गिटार. शॅडोज या बँडच्या हँक मार्विनच्या हातात दिसायची तसली अमेरिकन फेंडर घेणं या घराला परवडण्यासारखं नव्हतं. हॅरॉल्ड विमान वाहतूक मंत्रालयात ड्राफ्ट्समन होते, इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. घरातला रेडिओ आणि टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलेला. मुलाला सातव्या वाढदिवसाला साधी लाकडी गिटार मिळाली होती. पुढे बापलेकांनी तिलाही छोटे गोल चुंबक आणि तांब्याची तार वापरून पिकअप, म्हणजे तारेच्या थरथरीचा विद्युतसंकेत करणारा भाग, करून बसवला होता. त्यामुळे 'परवडत नाही' याचा या घरातला अर्थ 'मिळणार नाही' असा होत नसावा. विकत घेता येत नाही, तर मग करायची. दोन वर्षांच्या आसपास त्या घरातल्या एका खोलीत संध्याकाळ-संध्याकाळ काम चाललं. ना लेथ, ना कारखाना. करवत, कानस, गिरमिट, चाकू, पॉलिश पेपर, बस.

गिटारीची मान कशाची केली, ते आधी सांगते. एक ओळखीचे गृहस्थ घरातली जुनी फायरप्लेस काढून टाकत होते. तिच्यावरची महोगनीची जाडजूड फळी सरपणातच जायची होती, ती या दोघांनी मागून आणली. शंभराहून जास्त पावसाळे बघितलेलं ते लाकूड वाळून इतकं कडक झालं होतं की चाकू लवकर धरायचं नाही. त्यात किड्याने पाडलेली भोकंही होती. मुलाने ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. मग खिशातल्या चाकूने कोरत, कागदाने घासत, त्या फळीतून मान बाहेर काढली. अशी मान किती जाड असावी हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ती चांगलीच जाड झाली. इतरांच्या हाताला ती ओंडक्यासारखी लागते. त्याच्या हाताला मात्र तीच सवयीची झाली, आणि पुढे आयुष्यभर बाकीच्या गिटारीच त्याला बारीक वाटत राहिल्या. पडदे चोवीस, म्हणजे पूर्ण दोन सप्तकं. त्या काळात दुकानातल्या गिटारींवर इतके पडदे सहसा नसत. ते नेमके कुठे बसवायचे याचं गणित त्याने स्वतः केलं. शरीराच्या मधोमध एका जुन्या टेबलाचं ओक लाकूड, बाजूला साधा ब्लॉकबोर्ड, आणि वरून महोगनीचं पातळ व्हिनिअर, म्हणजे पाहणाऱ्याला सगळं एकाच लाकडाचं वाटावं. कडेची पांढरी पट्टी फडताळाच्या कडेला लावायच्या प्लास्टिकची. थरावर थर पॉलिश चढलं आणि तो गडद लाल रंग आला. त्या रंगावरूनच तिचं नाव पडलं, रेड स्पेशल. एकूण खर्च आला साधारण आठ पौंड.

काडेपेटीच्या काड्यांवर माझं मन पुन्हा पुन्हा जातं.

माझे बाबा एका कारखान्यात टूलरूमला होते. घरी आल्यावरही त्यांचे हात स्वस्थ नसत. गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी बिघडली की ती आमच्याकडे यायची. भात्याचं चामडं फाटलेलं असायचं, नाहीतर एखादी पट्टी दाबल्यावर नुसती हवा सुटायची. बाबा पेटीचं वरचं झाकण उघडायचे आणि आतून जुन्या लाकडाचा, धुळीचा आणि कापराचा एक मिसळलेला वास यायचा. बॅटरी धरून उभं राहणं हे माझं काम. पितळी सूर बाहेर काढून ते त्याच्या जिभेखाली ब्लेडचं पातं सरकवत आणि टोकाकडे अगदी हलक्या हाताने कानस फिरवत. टोकाकडचं पितळ कमी झालं की सूर चढतो, बुडाकडचं कमी केलं की उतरतो, हे मी शाळेत ध्वनीचा धडा शिकायच्या आधी शिकले. घासायचं, बसवायचं, वाजवायचं, ऐकायचं, पुन्हा काढायचं. जेवणाची वेळ टळून जायची, आई स्वयंपाकघरातून भांडी आपटायची. मग कधीतरी ते कानस माझ्या हातात देत आणि म्हणत, "आता तू. दोनच हात. जास्त नाही." बोटांत ते थरथरणारं पितळ आणि मानेवर बाबांचा श्वास. ते मला शाबासकी देत नसत. फक्त पट्टी दाबून ऐकत, आणि पुढचा सूर काढायला घेत. तेवढ्यात मला सगळं मिळायचं.

त्यामुळे हॅरॉल्ड आणि ब्रायन यांच्याबद्दल वाचताना मला ती खोली दिसते. काय बोलत असतील ते दोघं? फार काही नसणार. 'इथे धर', 'जरा उजेड कर', 'अजून थोडं घे'. ज्या घरात बापाला प्रेम बोलून दाखवता येत नाही, तिथे एवढीच भाषा चालते, मग ते घर फेल्टममधलं असो की आमच्या गल्लीतलं.

आता ट्रेमोलोबद्दल. या गिटारीत मला सगळ्यात जास्त मोहात पाडणारा भाग हाच. गिटारीच्या घोडीला एक दांडी जोडलेली असते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होतात, सूर खाली घसरतो, सोडली की परत जागेवर येतो. निदान यायला हवा. त्या काळच्या बहुतेक गिटारींची अडचण हीच, की तो नेमका परत यायचा नाही. कुठेतरी घर्षण व्हायचं, तार अडकायची, सूर किंचित इकडेतिकडे राहायचा. या दोघांनी घर्षणाच्या एकेका जागेचा पाठलाग केला. ट्रेमोलोची सगळी पट्टी त्यांनी एका धारेवर तोलली. जुन्या सुरीचं कडक पोलादी पातं घासून त्याची धार केली, आणि सोनाराच्या तराजूची दांडी जशी धारेवर झुलते तशी ती पट्टी त्या धारेवर झुलू लागली. एका बाजूने तारांचा ताण, त्याला तोलून धरायला दुसऱ्या बाजूने दोन स्प्रिंगा. त्या १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या. घोडीवर तारांखाली छोटी चाकं, म्हणजे तार पुढे-मागे होताना घासायला नको, फिरायला हवी. वरच्या टोकाला ताराही शक्य तितक्या सरळ रेषेत खुंट्यांपर्यंत नेलेल्या. आणि हाताने दाबायची दांडी? ती सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या कडीची. तिच्या टोकाला बोटाला टोचू नये म्हणून बसवलेला तुकडा आईच्या विणकामाच्या सुईचा.

मानेवरच्या खुणांचे मोत्यासारखे ठिपकेसुद्धा आईच्या शिवणाच्या डब्यातले. शिंपल्याची बटणं. ही गोष्ट सांगताना सगळे 'वडील आणि मुलाने मिळून' असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण रूथ मे यांच्या डब्यातून बटणं गेली, सुई गेली, दोन वर्षं घरात लाकडाचा भुसा उडाला, तो कुणी झाडला असेल? आमच्याकडे पितळेचा कीस फरशीच्या भेगांत जाऊन बसायचा आणि आई ओल्या फडक्याने तो टिपत राहायची. गिटारीकडे बघताना डोळे आधी त्या ठिपक्यांवर जावेत असं मला वाटतं. स्टेजवरच्या प्रखर उजेडात चमकतात तेही तेच.

सगळंच पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. पिकअप आधी घरीच केले होते. चुंबक, त्यावर गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. आवाज चांगला यायचा. पण तार बोटाने बाजूला खेचून मींड काढायला गेलं की मध्येच विचित्र खरखर व्हायची. चुंबकांचे ध्रुव एकाआड एक उलटसुलट बसले होते, आणि तार त्यांच्यावरून आडवी सरकताना ते ऐकू यायचं. नुसत्या सरळ सुरांनी समाधान मानणारा मुलगा असता तर हे चालून गेलं असतं. याला मात्र तार खेचायचीच होती, गळ्यातून निघतो तसा सूर काढायचा होता. म्हणून मग बर्न्स कंपनीचे तीन तयार पिकअप विकत आणले. बाहेरून आणलेल्या मोजक्या भागांतला हा सगळ्यात महत्त्वाचा. पण तोही जसाच्या तसा बसवला नाही. पिकअपमधले वेढे सैल असले तर जोरात वाजवताना शिट्टी मारतात, म्हणून आत अ‍ॅरल्डाइट ओतून ते घट्ट केले. पिवळ्या खोक्यातल्या दोन ट्यूबा, तुटलेल्या कपबशीपासून चपलेपर्यंत सगळ्याला चालणारं ते अ‍ॅरल्डाइट. हे वाचलं तेव्हा मला कमालीचा आनंद झाला. बाबांच्या टेबलाच्या खणात त्याच दोन ट्यूबा कायम असायच्या, एकीचं टोपण नेहमी चिकटून बसलेलं.

मग त्या तीन पिकअपना प्रत्येकी दोन बारके सरकते स्विच. एकाने पिकअप चालू-बंद, दुसऱ्याने त्याचा विद्युतप्रवाह उलटा. हे उलटं करणं ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकाच तारेचा आवाज दोन ठिकाणांहून घेतला आणि त्यातला एक उलटा करून दुसऱ्यात मिसळला, की दोघांत सारखे असलेले खालचे, जाड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो टोकदार, नाकातला आवाज. सहा स्विचच्या निरनिराळ्या जोड्यांतून एकाच गिटारीत कितीतरी गळे तयार झाले. शरीर आतून काही ठिकाणी पोकळ ठेवलं तेही जाणूनबुजून. स्पीकरमधून निघालेला आवाज हवेतून परत गिटारीवर आदळावा, तार पुन्हा थरथरावी, आणि सूर संपायच्या ऐवजी फुलत जावा म्हणून. बाकीचे वादक ज्या गुंजारवाला वैतागायचे, त्याला याने आधीच घरात जागा करून ठेवली होती. भौतिकशास्त्राची आवड असलेल्या मुलाची ही गिटार आहे हे अशा जागी कळतं. आणि वाजवायला प्लास्टिकची पट्टी नाही, सहा पेन्सचं नाणं. त्याची दातेरी कड तारेला आधी किंचित घासते आणि मग सोडते. शब्दाच्या सुरुवातीला व्यंजन असावं तसं काहीतरी सुरापुढे येतं. हेडफोन लावून नीट ऐकलंत तर ते 'क्र' तुम्हालाही ऐकू येईल. ती नाणी १९८० साली चलनातून बाद झाली. याच्या बोटांत ती तशीच राहिली.

माझं आजोळ वाईचं. पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी. सिल्व्हर ओकच्या रांगा, धुक्यात बुडालेली शाळांची फाटकं. लहानपणी मामाबरोबर तिथे जायचे तेव्हा सेंट पीटर्समध्ये कोण शिकून गेलं होतं याचा मला पत्ता नव्हता, आणि मामालाही नव्हता. झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा, पुढे क्वीनचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी, त्या शाळेत पियानो शिकला, मित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँड काढून वाजवला, आणि १९६३ च्या सुरुवातीला घरी परत गेला. पुढच्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, जीव वाचवून बलसारा कुटुंब इंग्लंडला पळालं. आणि येऊन राहिलं कुठे? फेल्टमला. मे कुटुंबाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

म्हणजे १९६४ साली एका घरात फायरप्लेसची फळी कोरली जात होती आणि काही गल्ल्या सोडून दुसऱ्या घरात पाचगणीहून झांझिबारमार्गे आलेला एक मुलगा इंग्लंडच्या थंडीची सवय करून घेत होता. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. भेट व्हायला पुढे काही वर्षं जावी लागली, तीही कॉलेजच्या एका सामाईक मित्रामुळे. अशा योगायोगांवर फार इमले बांधू नयेत हे मला कळतं. तरीही घाटात गाडी वळण घेते तेव्हा माझ्या मनात हे येतंच. आमच्या डोंगरावर घडलेला तो गळा आणि फेल्टमच्या खोलीत घडलेली ती गिटार आधी शेजारी झाले, आणि सोबती नंतर.

क्वीनमध्ये हाताने करणारे आणखी एक जण होते. बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला रस्त्याकडेच्या कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला. त्याने तो एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि बॅटरीवर चालणारा एक अँप्लिफायर केला. ना आवाजाचं बटण, ना सुराचं. रेड स्पेशल त्याला जोडली की असा दाट, गोल आवाज यायचा की मे एकावर एक थर रेकॉर्ड करून क्लॅरिनेट, ट्रम्पेट, अख्खा जॅझ बँड उभा करायचा. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असं छापलेलं असायचं. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत नसे म्हणून ते छापावं लागलं असणार. किड्याने खाल्लेली फळी आणि उकिरड्यातला बोर्ड. मला यात चमत्कार वाटत नाही. ज्यांना वस्तू उघडून आत बघायची सवय आहे त्यांना टाकलेल्या वस्तूत काय उरलंय ते दिसतं. बाबा भंगारवाल्याच्या गाडीवरून हटकून काहीतरी परत आणायचे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला ही गिटार इतकी जवळची वाटते. ज्या वडिलांनी दोन वर्षं मुलाच्या शेजारी बसून ती बनवली, त्यांनाच मुलाने ती वाजवत आयुष्य काढावं हे मान्य नव्हतं. मुलगा हुशार होता. १९६८ मध्ये इम्पीरियल कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी, मग तिथेच संशोधन. विषय होता सूर्याभोवती ग्रहांच्या पातळीत पसरलेली धूळ आणि तिच्यामुळे पहाटे-संध्याकाळी आकाशात दिसणारा फिकट उजेड. निरीक्षणांसाठी तो टेनेरीफच्या डोंगरावर राहून आला. मध्यंतरी शाळेत गणितही शिकवलं. प्रबंध जवळजवळ होत आला होता, आणि १९७४ च्या सुमाराला त्याने तो बाजूला ठेवला. बँड चालायला लागला होता. हॅरॉल्डना हे सहन झालं नाही. त्यातच मुलगा लग्नाआधी मैत्रिणीबरोबर राहू लागला. बापलेकांत बराच काळ जवळजवळ अबोला होता, हे मेने स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे.

लोक ही हकिकत सांगताना हॅरॉल्डना जुन्या विचारांचे ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. युद्ध बघितलेला, तुटपुंज्या पगारात घर चालवलेला, घरचा टीव्ही स्वतः जोडणारा माणूस. त्याने आपल्या मुलाला वस्तू कशी करायची ते शिकवलं, कारण वस्तू करता येणं म्हणजे पायावर उभं राहणं. विज्ञानातली पदवी म्हणजेही तेच. मुलगा ते सगळं सोडून वाऱ्यावर चाललाय असं त्यांना दिसलं. कानस हातात देणारा आणि अबोला धरणारा बाप एकच असतो. मी नोकरी सोडून लिहायचं ठरवलं तेव्हा बाबा माझ्याशी मोजकंच बोलायचे. चहा झाला का, गॅस बंद केलास का, एवढंच. त्या दिवसांत मला त्यांचा राग यायचा, आणि त्याच वेळी संध्याकाळी ते माझ्या लिहायच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय काढून नवीन खिळपट्टी मारत बसलेले दिसायचे. त्या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा मावतात हे तेव्हा मला उलगडायचं नाही. आताही पूर्ण उलगडलंय असं म्हणणार नाही.

मेच्या घरी तो अबोला सुटला न्यूयॉर्कला. क्वीनचा कार्यक्रम मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता. मुलाने आईवडिलांना कॉन्कॉर्ड या आवाजाहून वेगाने उडणाऱ्या विमानातून तिथे नेलं. धुक्यात काही दिसत नसताना विमान आपोआप उतरवणाऱ्या कॉन्कॉर्डच्या यंत्रणेवर हॅरॉल्डनी नोकरीत काम केलं होतं. त्या विमानात प्रवासी म्हणून बसणं मात्र त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ज्याला ते वाऱ्यावर गेलेला समजत होते, त्या मुलाने तिकिटं काढली. कार्यक्रम झाल्यावर हॅरॉल्डनी त्याचा हात हातात घेतला आणि आता कळलं, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. त्या हजारो लोकांमध्ये बसून ते काय ऐकत असतील याचा मी कितीदा विचार केला आहे. बाकीच्यांना सोलो ऐकू येत होता. त्यांना बहुधा सुरीचं पातं ऐकू येत असेल. दांडी दाबली, सूर खाली गेला, आता परत जागेवर येतोय का? आला.

ती गिटार त्यानंतरही थांबली नाही. १९८५ चा वेम्बलीतला लाइव्ह एड कार्यक्रम झाला. २००२ च्या जूनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून मेने तिच्यावर राष्ट्रगीत वाजवलं, वारा केसांत आणि वाद्यवृंद खाली बागेत. इतकी वर्षं घाम, उजेड, विमानप्रवास सोसून ती बरीच झिजली होती, कडा उडाल्या होत्या, व्हिनिअर खरचटलं होतं. १९९८ मध्ये ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराने तिची नीट दुरुस्ती केली. त्याआधी त्याने तिच्या हुबेहूब प्रतिकृती करून हात बसवला होता. कारखान्यात बनलेल्या प्रतिकृतीही आता दुकानात मिळतात, आणि जगभरची मुलं त्या घेतात. त्यात वाईट काही नाही. पण त्यांच्या मानेत काडेपेटीच्या काड्या नसतात, आणि मला वाटतं घेणाऱ्यांनाही त्या काड्यांचीच ओढ असते.

१९८८ मध्ये हॅरॉल्ड गेले. तीसेक वर्षं बाजूला पडलेला प्रबंध मुलाने पुन्हा हातात घेतला, मधल्या काळात त्या धुळीवर झालेलं सगळं संशोधन वाचून काढलं, आणि २००७ साली इम्पीरियल कॉलेजनेच त्याला डॉक्टरेट दिली. तोवर तो साठीला आला होता, जगात कुणाला काही सिद्ध करून दाखवायची त्याला गरज उरली नव्हती. पण बापाने सुरू करून दिलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, ही सवय त्या खोलीतलीच असणार. हॅरॉल्डना ती पदवी बघायला मिळाली नाही याची मला फार चुटपुट लागते. पण गिटार त्यांनी पुरी झालेली पाहिली होती, तिच्यात आपले हात कुठे कुठे लागलेत हे त्यांना ठाऊक होतं, आणि हजारो माणसांत बसून त्यांनी ती ऐकली होती. आमच्या गल्लीतली ती पेटी अजून भजनात वाजते. मधल्या सप्तकातले दोन सूर माझ्या हातचे आहेत. एकादशीला मी घरी असले की मुद्दाम ऐकायला जाते, आणि बाबा शेजारी बसलेले असले तरी त्यातलं काही बोलत नाहीत. गंधाराला मात्र माझ्याकडे एकदा बघतात.